मीठ, कॉफी आणि जमीन

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रांतात वोनेनारा आणि मारावाका ही दोन उंच खोरी आहेत. बारूया जमातीची खेडी तेथे वसलेली आहेत. ऑस्ट्रेलियन प्रशासनाचा माणूस तेथे प्रथम पोहोचला तो १९५१ साली. १९६० साली वोनेनाऱ्यास ठाणे बसले. १९६७ पासून मोरिस गोदलिए या फ्रेंच मार्क्सवादी मानववंशशास्त्रज्ञांनी तेथे दीर्घकाळ राहून जे लिहिले, त्यामुळे या दुर्गम खेड्यांचे अर्थकारण क्वचितच लाभते इतक्या बारकाईने बाहेरच्या जगाला कळले. समाजवादी कार्यकर्त्याने ते आवर्जून समजून घ्यावे. मागासलेले खेडे बाजाराशी जोडले की त्याचा उद्धार झाला, अशी जी जपमाळ आज सर्वत्र ओढली जाते, तिची कसोटी येथे चांगली लागते.

बाजार बारूयांना नवा नव्हताच. ते मीठ करीत. समुद्र दूर, म्हणून एका जातीचे उंच गवत मुद्दाम लावायचे, कापून वाळवून जाळायचे, राखेतून पाणी गाळून घ्यायचे आणि ते भट्टीवर दिवसरात्र आटवून मिठाच्या लांबट, कठीण विटा करायच्या. सालीत घट्ट गुंडाळलेली ही वीट आसपासच्या जमातींत चलनासारखी चाले. तिच्या मोबदल्यात दगडी कुऱ्हाडी, सालीची वस्त्रे, कवड्या, पक्ष्यांची पिसे मिळत. कशाला किती मीठ द्यायचे हे दोन्ही बाजूंस ठाऊक असे. पैशाच्या उगमाचे प्रकरण शिकविताना मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण देत असे, ते विशेषतः त्यातील एका मर्यादेसाठी. मिठाने पुष्कळ काही घेता येई, परंतु जमीन घेता येत नसे आणि माणसाचे श्रमही घेता येत नसत. जमीन कुळांची होती. रान तोडायला, घर उभारायला सोयरे आणि भाऊबंद येत, आणि ते ऋण श्रमानेच फेडले जाई.

गोऱ्या माणसाच्या आधी त्याची पोलादी कुऱ्हाड तेथे पोहोचली होती. तीही याच मिठाच्या मोबदल्यात, एका जमातीकडून दुसरीकडे हात बदलत. रान तोडण्याचे पुरुषांचे काम तिने फारच हलके केले. बायकांच्या हातातली खणायची काठी मात्र तशीच राहिली. मोकळ्या झालेल्या वेळात पुरुषांनी अधिक रान तोडले, शेते वाढली, डुकरे वाढली. आणि ती शेते लावणे, निंदणे, रताळी खणणे, कपाळाला अडकविलेल्या जाळीच्या पिशवीतून ती घरी वाहणे, डुकरांना खाऊ घालणे हे सारे बायकांच्याच वाट्याचे. उत्पादनाचे साधन सुधारले आणि निम्म्या समाजाचे कष्ट वाढले! बारूयांत वर्ग नव्हते. तरीही स्त्रीला जमिनीचा वारसा नव्हता, शस्त्र बाळगण्याचा वा मीठ करण्याचा अधिकार नव्हता. लग्ने बहुधा दोन पुरुषांनी आपापल्या बहिणींची अदलाबदल करून ठरत. खाजगी मालमत्ता गेली की उरलेली विषमता आपोआप विरघळेल, असे मानणारे साथी आपल्यातही आहेत. त्यांच्यापुढे हा पुरावा मुद्दाम ठेवावासा वाटतो.

ठाणे बसल्यावर आपसांतल्या लढाया थांबल्या, आणि पाठोपाठ मजूरभरती सुरू झाली. तरुण पुरुष दोन दोन वर्षांच्या करारावर किनाऱ्याकडील मळ्यांत गेले. मिठाने जे कधी विकत घेतले नव्हते, ते माणसाचे श्रम पैशाने घेतले. पुढे कॉफी आली. मळ्यातल्या मजुरीपेक्षा कॉफी कितीतरी बरी, कारण झाड आपल्याच जमिनीवर उभे असते. परंतु तिचा भाव ठरतो न्यूयॉर्कच्या बाजारात. आणि ज्या खोऱ्याला धड रस्ता नाही, तेथून पोते बाहेर जाते ते पायवाटेने किंवा लहान विमानातून. विमानाचे भाडे अर्थातच उत्पादकाच्या पदरातून वजा होते. भाव पडला की फळे तोडणेही परवडत नाही. मिठाचा दर बारूया माणूस स्वतः घासाघीस करून ठरवी. कॉफीचा दर त्याला कळतो तो खरेदीदाराच्या तोंडून. १९७५ साली स्वतंत्र झालेल्या या देशाने आपल्या चलनाला 'किना' हे नाव दिले. देवघेवीत मानाने वापरल्या जाणाऱ्या मोत्याच्या शिंपल्याचे ते नाव. कल्पना सुरेख होती, पण तिने विनिमयाच्या अटी काही बदलल्या नाहीत.

या डोंगरी खेड्यांना दरिद्री म्हणावे काय? ई. के. फिस्क या अर्थशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात न्यू गिनीसाठी 'निर्वाहातील सुबत्ता' असा शब्दप्रयोग रूढ केला: थोड्या श्रमात पोटभर अन्न पिकविणारा आणि म्हणून बाजाराची फारशी ओढ नसलेला समाज. निरीक्षण खोटे नव्हते. मात्र राज्यकर्त्यांना ते फारच सोयीचे पडले. पोट भरते आहे ना, मग घाई कसली! रताळ्यांनी हिवताप बरा होत नाही आणि अडलेल्या बाळंतिणीची सुटकाही होत नाही. दुर्गम भागांतल्या कित्येक धावपट्ट्या गवताखाली गेल्या, औषधांच्या खोल्यांना कुलपे लागली, पगार आणायला शहरात गेलेला शिक्षक आठवडेच्या आठवडे परतेना. या खेड्यांचे दारिद्र्य म्हणजे प्रामुख्याने शासनाची अनुपस्थिती आहे, असे माझे मत आहे.

परंतु उपाय सुचविणारे बोट दाखवितात ते जमिनीकडे. देशातील सुमारे ९७ टक्के जमीन आजही परंपरेने कुळांच्या सामूहिक मालकीची आहे; ती गहाण टाकता येत नाही, म्हणून भांडवल येत नाही, असा हा युक्तिवाद. त्याचे फळ काय, तेही दिसून चुकले आहे. 'विशेष कृषी व व्यापारी भाडेपट्टा' नावाच्या सोयीने सरकारने कुळांकडून जमीन पट्ट्याने घ्यायची आणि कंपनीला ९९ वर्षांपर्यंत द्यायची, या रीतीने २००३ ते २०११ या काळात ५० लाख हेक्टरांहून अधिक जमीन कागदोपत्री कुळांच्या हातून गेली. २०११ साली चौकशी आयोग नेमला गेला. बहुसंख्य पट्ट्यांत जमीनधारकांची खरी संमतीच नव्हती, हे त्याच्या अहवालातून २०१३ साली उघड झाले. शेतीच्या नावाने मिळालेल्या अनेक परवान्यांवर प्रत्यक्षात लाकूड तोडले गेले. हे पट्टे मुख्यतः सखल भागातल्या जंगलांवर पडले, म्हणून डोंगरातल्या कुळांनी निश्चिंत राहावे असे नाही. श्रम बाजारात गेले, पीक गेले. आता उरली आहे ती जमीन, आणि कॉफीचा भाव पडलेल्या वर्षी रताळी देते तीही तीच.

पापुआ न्यू गिनीच्या राज्यघटनेत समता, लोकसहभाग आणि स्वावलंबन ही राष्ट्रीय उद्दिष्टे म्हणून लिहिलेली आहेत. त्या मापाने पाहता अशा खेड्यांची मागणी लहानच म्हणावी लागेल: धावपट्टी वापरात राहावी, औषधांसह आरोग्यसेवक असावा, शिक्षकाला पगार गावातच मिळावा, कॉफीच्या विमानभाड्याचा काही भार सरकारने कायमचा उचलावा. सोने, तांबे आणि नैसर्गिक वायू परदेशी विकणाऱ्या देशाला हे न परवडण्याजोगे नाही. आणि कॉफीचे पोते धावपट्टीपर्यंत वाहून नेणाऱ्या बाईच्या हाती त्यातले किती किना पडतात, हा हिशेबही त्याच बैठकीत मागितला पाहिजे.