लाल पोछा

मॉलमध्ये, आयटी पार्कात, बऱ्यापैकी हॉस्पिटलात संडासाच्या दारामागे एक कागद चिकटवलेला असतो. वेळ, फरशी, बेसिन, साबण, सही. मोबाइल बाहेर विसरून आत गेला असाल तर तुम्ही तो वाचलाही असेल. पुढच्या वेळी फक्त सहीचा रकाना बघा. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत, सोमवारपासून शनिवारपर्यंत, बहुतेक एकच सही. शेजारची सुपरवायझरची सही मधूनमधून बदलते. त्याला सुट्टी असते.

हा लेख त्या रकान्याविरुद्ध आहे.

आमच्यासारख्या लॅपटॉपवाल्यांना वाटतं की सफाईच्या कामात 'सिस्टीम' नाही, ती कोणीतरी शिकलेल्याने आणून द्यावी. सिस्टीम आहे, आणि मी पाहिलेल्या कित्येक सॉफ्टवेअरपेक्षा बरी आहे. पोछ्याला आणि फडक्याला रंग ठरलेले असतात. लाल संडास-मुतारीला, पिवळा बेसिनला, निळा टेबल-खुर्च्या आणि पॅसेजला, हिरवा कँटीनला. कमोडवरचं फडकं चहाच्या ओट्यावर जाऊ नये म्हणून. बाटल्यांना नंबर असतात: आर-टू फरशीला, आर-थ्री काचेला, आर-सिक्स कमोडला. लिहिता-वाचता न येणारी बाईही रंग आणि आकडा बघून चुकत नाही. धूळ वरून खाली काढायची, कोरडं आधी, ओलं नंतर, आणि पोछा मारताना दाराकडे मागे मागे सरकत यायचं, म्हणजे ओल्या फरशीवर स्वतःच्याच पायांचे ठसे उमटत नाहीत. हे सगळं कोणीतरी नीट डोकं लावून ठरवलेलं आहे.

माणसं कशी वाटायची याच्याही पद्धती आहेत. एका पद्धतीत जागा वाटून देतात: दुसरा मजला तुझा, तिथलं झाडणं, पुसणं, डबे, संडास सगळं तूच बघ. दुसरी पद्धत अमेरिकेतली, 'टीम क्लीनिंग'. तिच्यात मजल्यांऐवजी कामं वाटतात. एक जण डबे रिकामे करत, टेबलं पुसत पुढे जातो. मागून दुसरा व्हॅक्यूम घेऊन येतो. तिसरा फक्त टॉयलेट करतो. चौथा काचा, जिने, लॉबी आणि कचरा बाहेर नेणं बघतो. एकच काम सलग केलं की हात बसतो, वेळ वाचतो, सामान कमी लागतं. कागदावर ही पद्धत मला आवडते. प्रत्येकाचं काम स्पष्ट, हद्द स्पष्ट. आपल्याकडे आल्यावर मात्र त्या तिसऱ्या माणसाचं नाव कोणाला ठरवावं लागत नाही. ते आधीच ठरलेलं असतं.

मी वाशीमचा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघून वाशीम जिल्हा झाला, म्हणजे जिल्हा आणि मी साधारण एकाच वयाचे. जिल्हा होणं म्हणजे इमारती होणं. कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, कोर्ट, सरकारी दवाखाना, मग त्यांच्यामागे बँका, शोरूम, खासगी हॉस्पिटलं. इमारती आल्या की त्या झाडणारी माणसं आली आणि त्यांच्या डोक्यावर ठेकेदार आला. कोविडपासून मी घरूनच काम करतो, त्यामुळे गावात 'कॉम्प्युटरवाला' म्हणून किरकोळ कामं माझ्याकडे येत असतात. अशाच एका ठेकेदाराला हजेरीचं ॲप हवं होतं. तीन इमारती, वीस-बावीस माणसं. मी म्हटलं, हजेरीसोबत कामाची वाटणीही टाकू. तो सांगत गेला, मी टाइप करत गेलो. झाडू-पोछ्याची नावं दर आठवड्याला बदलत होती, काचांची बदलत होती. संडासापुढे मात्र प्रत्येक इमारतीत एकच नाव, कायमचं.

"अन् ते बाई सुट्टीवर असली त?" मी विचारलं.

"तिची पोरगी येते ना, भाऊ."

पोरगी बारावी झालेली आहे, हे त्यानेच पुढे कौतुकाने सांगितलं.

सरकारी सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते. त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या इतरांची घाण आली, त्यांच्या घरात तेवढी एक पक्की नोकरी येत असेल तर ती त्यांनी का सोडावी? पण या ठेकेदाराकडे नुसता वारसा आहे, नोकरी नाही. आईच्या जागी पोरगी, आणि तीही रोजच्या हजेरीवर.

ठेकेदार वाईट माणूस नाही. पैसे वेळेवर देतो, दिवाळीला कपडे करतो. त्याचं म्हणणं साधं होतं: "बाकीच्याईले संडास सांगतला त उद्या कामावर येतच नाईत. मी काय करू?" तो खोटं बोलत नव्हता, बाकीचे खरंच आले नसते. का आले नसते, याचं उत्तर नावांच्या यादीत होतं, आडनावांसकट, आणि ती यादी माझ्या स्क्रीनवर होती. जात म्हणजे कामांची सोयीस्कर वाटणी असं म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच उत्तर देऊन ठेवलंय: वाटली जातात ती माणसं. नव्वद वर्षांनी तीच वाटणी एक्सेल शीटमधून माझ्याकडे आली होती, ॲपमध्ये चढवायला.

लाल रंग फडक्याला दिलेला आहे. लाल फडकं संडासाबाहेर जायचं नाही, एवढाच तो नियम. माणूस ग्लोव्ह्ज काढतो, साबणाने हात धुतो आणि निळं फडकं उचलतो. स्वच्छतेचं कुठलंही शास्त्र त्याला अडवत नाही. आपण फडक्याचा नियम उचलून बाईला लावलाय. ती कँटीनचा ओटा पुसायला आली तर ऑफिसातले लोक कसे बघतात, ते बघा एकदा.

माझ्या क्षेत्रातले मित्र इथे 'स्पेशलायझेशन' काढतात. ज्याला जे जमतं ते त्याने करावं, उगाच फिरवाफिरवी कशाला? बरं. मग रात्री तीन वाजता सर्व्हर पडतो तेव्हा आपल्याकडे ऑन-कॉल आळीपाळीने का असतो? सगळ्यात अनुभवी माणसालाच कायमचा का बसवत नाही? कारण तो दोन महिन्यांत राजीनामा टाकेल. म्हणून रोटा असतो, हँडओव्हर असतो, बऱ्याच कंपन्यांत ऑन-कॉलचा वेगळा भत्ता असतो. नकोशा कामाचं काय करायचं हे आपल्याला व्यवस्थित माहीत आहे. ज्याला राजीनामा परवडतो त्याच्यासाठीच ते ज्ञान वापरलं जातं.

शिवाय हे काम शरीरावर येतं. कमोड घासायच्या लिक्विडमध्ये ॲसिड असतं, ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. खिडकी नसलेल्या खोपटाएवढ्या जागेत एकच बाई वर्षानुवर्षं हे हाताळते. पाळी फिरली तर निदान हा धोका तरी वाटला जाईल. आणि पुरुषांच्या टॉयलेटबाहेर बादली घेऊन आतले बाहेर यायची वाट बघत उभी असलेली बाई तुम्ही पाहिलीच असेल. ती आत गेली तरी कोणीतरी 'एक मिनिट हं' म्हणत घुसतोच. पुरुषांचे संडास पुरुषांनी आणि बायकांचे बायकांनी करायचे, एवढं लिहिलं तरी बरंच काही सुटेल. तसं होत नाही, कारण पुरुषाच्या हातात तोवर काचेचा वायपर किंवा फरशी घासायचं मशीन दिलेलं असतं. (मशीनवाल्याला 'ऑपरेटर' म्हणतात. तिला 'मावशी' म्हणतात. नात्याचे जास्तीचे पैसे द्यावे लागत नाहीत.)

कायदा कुठून कुठे आला तेही बघण्यासारखं आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, काम बारमाही आहे का वगैरे तपासून ते कंत्राटावर द्यायला सरकारने बंदी घालावी अशी सोय होती. ९ डिसेंबर १९७६ ला केंद्र सरकारने तिचा वापर केला. आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारती झाडणं, साफ करणं, धूळ पुसणं आणि राखण करणं, ही कामं कंत्राटी कामगारांकडून करून घ्यायची नाहीत. बरोबरच होतं. यापेक्षा बारमाही काम कुठलं? २००१ साली स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना सरसकट काढलेली आहे म्हणून रद्द केली. मग २०२० ची कामगार सुरक्षा आणि आरोग्याची नवी संहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. तिच्यात आस्थापनेच्या 'मुख्य कामा'त कंत्राटी कामगार लावायला बंदी आहे, आणि मुख्य कामातून काय वगळायचं त्या यादीत पहिल्याच नंबरावर आहे: झाडणं, साफ करणं, धूळ पुसणं. तेच तीन शब्द. चव्वेचाळीस वर्षांत ते बंदीच्या यादीतून उठून परवानगीच्या यादीत जाऊन बसले.

आपल्या पिढीला कंत्राटीकरण कळत नाही असंही नाही. २०२३ साली राज्य सरकारने नऊ खासगी कंपन्यांमार्फत भरती करायचा निर्णय काढला तेव्हा गावोगावी अभ्यासिकांमधली पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. चांगलं झालं. पण बोलणं सगळं क्लार्क, इंजिनिअर, शिक्षक यांच्या पदांचं होतं. सफाईची पदं त्याच्या कितीतरी आधीपासून कंत्राटावर जात होती, तेव्हा कुठल्या अभ्यासिकेतला दिवा विझला नव्हता.

मुंबईत महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांना कचरा वाहतूक श्रमिक संघाने कायम करून दाखवलं. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला. ते रस्त्यावरच्या कचऱ्याचे कामगार होते, एका पालिकेचे, एका शहरातले. बँकेत चार, शोरूममध्ये दोन, हॉस्पिटलात आठ अशा विखुरलेल्या माणसांची युनियन बांधायला फार वेळ लागेल. तोवर निदान वाटणीच्या कागदावर तरी भांडता येतं.

सफाईच्या कंत्राटात काय काय लिहिलेलं असतं! संडास दिवसातून किती वेळा, फिनाइल किती लिटर, कुचराई झाली तर दंड किती. त्यात आणखी दोन ओळी घाला. संडासाचं काम एका माणसाला सलग एका आठवड्यापेक्षा जास्त द्यायचं नाही, आणि तो तक्ता कामगारांनी एकत्र बसून करायचा, सुपरवायझरचं नावही पाळीत धरून. दुसरी ओळ: ज्याची पाळी त्याला त्या आठवड्याचा वेगळा भत्ता. हा भत्ता बिलात धरा, ठेकेदाराच्या खिशातून नको. सगळ्यात कमी दराला काम घेऊन त्याच्याही हातात फार उरत नाही, आणि 'बाकीचे येणार नाहीत' हे त्याचं म्हणणं खरं की खोटं ते पैसे ठेवल्यावरच कळेल.

ॲपमध्ये मी पाळी आपोआप फिरवायची सोय करून दिली. ठेकेदाराने ती बंद ठेवलीय, हजेरी तेवढी वापरतो. मग त्या दोन ओळी इथल्याच एका कार्यालयात कंत्राटांची कागदपत्रं बघणाऱ्या ओळखीच्या माणसाला दाखवल्या. त्याने दोनदा वाचल्या.

"चांगल्या हायेत," तो म्हणाला, "पन हे तपासन कोन?"

मी म्हटलं, "पोछ्याचा रंग कोन तपासते तुमच्याकडं?"