चंद्रावरचा ससा म्हणजे थिजलेला लाव्हा. पलीकडं मात्र नुसते खड्डेच

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं आणि चारच दिवसांत प्रज्ञान रोव्हरपुढं 4 मीटर रुंदीचा खड्डा आला. त्याला माघारी वळवावं लागलं. चंद्रावर असे खड्डे जिकडं-तिकडं. पूर्वी ते ज्वालामुखीचे समजले जात. बहुतेक सगळे निघाले उल्कांच्या धडकेचे. तिथं ना पाऊस, ना वारा. आपल्याकडं चारी दोन पावसाळ्यांत बुजते, तिथला खड्डा कोट्यवधी वर्षं तसाच.

पौर्णिमेला दिसणारा ससा म्हणजे काळपट मैदानं. मोठ्या धडकांनी पडलेल्या खोलगट जागांत नंतर लाव्हा भरला अन् थिजला. दगड बसाल्ट, विहीर खोदताना लागतो त्याच जातीचा. बुलढाण्याचं लोणार अशाच दगडात धडकेनं पडलंय, म्हणून शास्त्रज्ञ तिथं येतात. अंगण उशिरा सारवलं की पावलं कमी दिसतात. तसेच या मैदानांवर खड्डे कमी, म्हणजे वय कमी.

खरी मेख पलीकडच्या बाजूला आहे. आपल्याकडच्या बाजूला जवळपास 30 टक्के भाग मैदानांचा, पलीकडं जेमतेम 2 टक्के. तिथलं कवच जाड, म्हणून लाव्हा वर आला नाही, असं सांगतात. पण दक्षिणेकडच्या भल्यामोठ्या खोलगट भागात कवच पातळ असूनही लाव्हा थोडाच. हे कोडं सुटलेलं नाही. तिथूनच चीनच्या चांग-अ-6 यानानं जून 2024 मध्ये 1935.3 ग्रॅम माती आणली. त्यातला बसाल्ट सुमारे 280 कोटी वर्षांचा निघाला.

माती आणणाऱ्या चांद्रयान-4 ला केंद्रानं सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. किती आणली यापेक्षा कुठून उचलली, हे जास्त महत्त्वाचं ठरणार.