पुरस्कार सहाव्याला द्या

महाराष्ट्राचा २०२५ सालचा सर्वोत्तम ॲथलीट कोण, असं मला विचाराल तर माझं उत्तर उंच उडीपटू सर्वेश कुशारे आहे. स्टीपलचेस धावणारा अविनाश साबळे नाही. हे मी नगरमध्ये बसून लिहितो आहे आणि इथे हे बोलणं म्हणजे काय, ते नगरकराला सांगायला नको. अविनाशचं मांडवा गाव कागदावर बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. पण आष्टी-कड्याचा माणूस दवाखान्याला नगरला येतो, खरेदीला नगरला येतो. २०२२ च्या सप्टेंबरात आष्टीला रेल्वे पोहोचली तीही नगरहूनच. त्यामुळे अविनाश आमचाच. कोपरगाव ओलांडून नाशिक जिल्ह्यात शिरलं की निफाडकडचा सर्वेश, तो 'त्यांचा'. वर्षाच्या मानकऱ्याची चर्चा निघाली की आमच्याकडची निम्मी माणसं इथेच निकाल लावून मोकळी होतात. उरलेली निम्मी एकच प्रश्न विचारतात : कुशारेचं पदक कुठंय?

मला राग या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. आपल्या माणसाची बाजू घेणं मी समजू शकतो. पण ॲथलेटिक्समधलं काहीच न पाहता फक्त पदकांची यादी वाचायची आणि वर न्यायाधीशाच्या आवाजात बोलायचं, हे मला सहन होत नाही.

टोकियोत काय घडलं ते आधी नीट सांगतो, कारण आपल्या बातम्यांनी ते दोन ओळींत उरकलं. सप्टेंबर २०२५ मधली जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा. भारताला तिथे एकही पदक मिळालं नाही, म्हणून मथळे निराशेचे. नीरज चोप्रा आठवा आला, त्यावर रकाने भरले. त्याच स्पर्धेत सर्वेश उंच उडीच्या अंतिम फेरीत पोहोचला. जागतिक स्पर्धेत या प्रकाराच्या अंतिम फेरीत उतरलेला तो पहिला भारतीय. तिथे त्याने २.२८ मीटर उडी मारली. ही त्याची आयुष्यातली सर्वोत्तम उडी होती, आणि २०१८ पासून उभ्या असलेल्या तेजस्विन शंकरच्या २.२९ मीटरच्या राष्ट्रीय विक्रमाहून फक्त एक सेंटिमीटर कमी. क्रमांक सहावा. सुवर्ण न्यूझीलंडच्या हॅमिश केरला २.३६ वर, रौप्य कोरियाच्या वू सांग-ह्योकला २.३४ वर, कांस्य चेक प्रजासत्ताकाच्या यान श्तेफेलाला २.३१ वर. कांस्य आणि सर्वेश यांच्यात तीन सेंटिमीटरचं अंतर होतं.

ज्याने कधी काठीसमोर उभं राहून पाहिलंय त्याला या आकड्यांचं वजन कळेल. उंच उडीत खेळाडू आपली सर्वोत्तम उडी बहुधा ओळखीच्या मैदानावर, हवा अनुकूल असताना, मनावर ओझं नसताना मारतो. मोठ्या स्पर्धेत तो त्याच्या चार-पाच सेंटिमीटर खाली अडकतो. सर्वेशचंच २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक बघा, तिथे तो २.१५ वर थांबला होता. तेरा महिन्यांनी तोच पोरगा जगातल्या सगळ्यांत कठीण संध्याकाळी स्वतःच्या सर्वोच्च उंचीवरून पार गेला. गावच्या शाळेत मक्याच्या भुशावर पडून उडी शिकलेला, पुढे फौजेत जाऊन घडलेला हा मुलगा. याला 'नुसता सहावा' म्हणणाऱ्याने एकदा भिंतीवर २.२८ मीटरची खूण करून तिच्याखाली उभं राहावं.

आता अविनाश. त्याच्याविषयी मला जो आदर आहे तो शब्दांत मावायचा नाही. आई-वडील वीटभट्टीवर राबायचे. बारावीनंतर महार रेजिमेंट, सियाचीनची पोस्टिंग, आणि मग तेवीस-चोविसाव्या वर्षी स्टीपलचेस. या वयात लोक शर्यती सोडतात, याने सुरू केली. २०१८ ला भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि तेव्हापासून तो स्वतःचाच विक्रम मोडत राहिला. २०२२ चं बर्मिंगहॅम आठवा. १९९८ ते २०१८ या सहाच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. अविनाश त्या रांगेत घुसला आणि सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणि पाच हजार मीटरचं रौप्य. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांचा महाराष्ट्राचा सर्वोत्तम ॲथलीट अविनाशच, त्यात मला कुणाशी वादच घालायचा नाही.

पण प्रश्न २०२५ चा आहे. त्या वर्षी मे महिन्यात कोरियातल्या गुमी इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने ८ मिनिटं २०.९२ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. या शर्यतीत भारतीय पुरुषाने हे सुवर्ण छत्तीस वर्षांनी आणलं, १९८९ च्या दीना राम यांच्यानंतर. मोठी गोष्ट आहे. पण अविनाशच्या अंगात ८ मिनिटं ९.९१ सेकंदांची धाव आहे, आणि आशियात त्याला तोड देणारा त्या दिवशी कुणी नव्हता. साडेतीन सेकंदांनी जिंकलेली ती शर्यत त्याला जिंकायचीच होती. पुढे जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीवर त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि टोकियोला तो जाऊच शकला नाही. दैवाने त्याचं वर्ष अर्धं हिरावून घेतलं, याचं दुःख मलाही आहे. पण जे वर्ष तो पुरतं धावू शकला नाही त्याचा मान त्याला देणं म्हणजे मागच्या पुण्याईवर मान देणं. अविनाशसारख्या खेळाडूला असली मेहेरबानी नको असते.

पदकवाल्यांना मला आणखी एक विचारायचं आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये अविनाश ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा आला, तेव्हा तुम्ही काय केलंत? छाती फुगवून सांगितलंत की ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या फायनलला गेलेला हा पहिला भारतीय पुरुष. बरोबर सांगितलंत. मग तोच न्याय निफाडच्या मुलाला लावताना जीभ का अडते? आपल्याच्या अकराव्या क्रमांकात इतिहास दिसतो आणि दुसऱ्याच्या सहाव्यात नुसती पदकाची रिकामी जागा दिसते, याला मी पक्षपातच म्हणेन.

आणि या देशाच्या ॲथलेटिक्सची थोरवी कशावर उभी आहे? १९६० ला रोममध्ये मिल्खा सिंग चौथे. १९८४ ला लॉस एंजेलिसला पी. टी. उषा चौथी, एका शतांश सेकंदाने. आणि ज्यांचं नाव आज कुणी घेत नाही ते श्रीराम सिंग, १९७६ च्या माँट्रियलमध्ये आठशे मीटरच्या अंतिम फेरीत सातवे. ज्या शर्यतीत क्यूबाच्या हुआंतोरेनाने जागतिक विक्रम केला त्याच शर्यतीत श्रीराम सिंग १ मिनिट ४५.७७ सेकंदांत धावले, आणि तो राष्ट्रीय विक्रम मोडायला भारताला २०१८ साल उजाडावं लागलं. बेचाळीस वर्षं. त्या बेचाळीस वर्षांत आठशे मीटरमध्ये किती भारतीयांनी कुठल्या कुठल्या स्पर्धांतून पदकं आणली असतील! त्यांतला एकही त्या सातव्या क्रमांकाच्या धावेपर्यंत पोहोचला नाही. आपली माणदेशची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलला गेली, दहावी आली. ती दहावी आली म्हणून तिला कमी लेखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मग कुशारेलाच वेगळा काटा का?

मी पदकाच्या विरोधात नाही. २०२४ चा मानकरी कोण म्हणाल तर मी आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचं नाव घेईन, आणि ते पदकांमुळेच घेईन. मे महिन्यात कोबेच्या जागतिक पॅरा स्पर्धेत गोळाफेकीत १६.३० मीटरवर सुवर्ण, सप्टेंबरात पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटरवर रौप्य. सुवर्णापासून फक्त सहा सेंटिमीटर दूर. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही ॲथलीटची कामगिरी याच्या जवळ जात नाही. तरी सर्वोत्तम ॲथलीटची चर्चा होते तेव्हा सचिनचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही, कारण दिव्यांग खेळाडूसाठी आपण एक वेगळी खुर्ची मांडून ठेवली आहे आणि त्याने तिथेच बसावं अशी आपली अपेक्षा असते. खुर्ची वेगळी असू द्या, पण मुख्य खुर्चीवर हक्क सांगायला तो मोकळा का नाही, याचं उत्तर कुणीतरी द्यावं.

काही जण म्हणतात, वेळ आणि अंतर बघा, विषय संपला. इतकं सोपंही नाही. टोकियोतलीच पुरुषांची स्टीपलचेसची फायनल घ्या. न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिशने ती ८ मिनिटं ३३.८८ सेकंदांत जिंकली. या वेळेपेक्षा अविनाश कितीतरी वेळा वेगात धावला आहे. म्हणून बीमिश छोटा ठरतो का? ती शर्यत डावपेचांची होती, सगळे एकमेकांना जोखत संथ धावले आणि शेवटच्या काही मीटरमध्ये निकाल लागला. तेव्हा स्पर्धेत बाजूला कोण होतं, दिवस कुठला होता, आणि त्या दिवशी खेळाडू स्वतःच्या सीमेच्या किती जवळ किंवा पलीकडे गेला, हे सगळं एकत्र बघावं लागतं. ते बघायला खेळ कळणारी माणसं लागतात आणि त्या माणसांनी आपला निर्णय कारणांसह लिहावा लागतो.

इथेच आपलं सगळं घोडं अडतं. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार घ्या. २०१९-२०, २०२०-२१ आणि २०२१-२२ या तीन वर्षांचे पुरस्कार २०२३ च्या ऑगस्टमध्ये बालेवाडीत एकाच कार्यक्रमात वाटले. पुढच्या दोन वर्षांचे २०२५ च्या एप्रिलमध्ये, पुन्हा एकत्रच. २०१९ साली गाजवलेल्या मैदानाचा मान २०२३ ला मिळतो तोपर्यंत तो खेळाडू निवृत्त झालेला असतो, जखमी असतो, किंवा नोकरीच्या फाइली घेऊन फिरत असतो. आणि मान मिळावा म्हणून प्रस्ताव कुणी द्यायचा? खेळाडूनेच. प्रमाणपत्रं जोडून, साक्षांकित करून, मुदतीच्या आत. जिल्हा क्रीडा पुरस्काराचंही तेच. जागतिक फायनलमध्ये सहावा आलेल्या माणसाने आपण सहावे आलो हे कागदावर सिद्ध करून देण्याची सरकार वाट बघतं! निकाल जगभर जाहीर आहेत. क्रीडा खात्यातल्या कुणी ते उघडून वाचायला काय अडचण आहे? आणि कागदाचा एवढा भरवसा धरणाऱ्या याच राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं उघडकीला आली, हे विसरायचं का?

नगरच्या वाडिया पार्कवर भल्या पहाटे पळणारी पोरं बघा. पोलिस भरतीची, लष्कर भरतीची. सोळाशेचं टायमिंग त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ असतं. भरतीच्या मैदानी चाचणीत पन्नास गुण : सोळाशेला वीस, शंभर मीटरला पंधरा, गोळ्याला पंधरा. किती सेकंदांत आलात की किती गुण, हे आधी छापलेलं असतं. शिपायाच्या नोकरीसाठी राज्य इतकं चोख वागू शकतं. राज्याच्या सर्वोच्च क्रीडा सन्मानाची पाळी आली की मात्र कुणाला का दिलं आणि कुणाला का नाही दिलं, याची कारणं लोकांसमोर नीट येत नाहीत. कारणं लिहिलेली नसली की मग संशय, वशिल्याची कुजबूज, आणि शेवटी कोर्ट. २०१५ ला खेलरत्न सानिया मिर्झाला जाहीर झालं, तेव्हा लंडन पॅरालिंपिकचा रौप्यविजेता उंच उडीपटू गिरीशा, गुणांत आपणच पुढे असल्याचं सांगत कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. सन्मानासाठी खेळाडूला वकील करावा लागणं ही त्या सन्मानाचीच नाचक्की आहे.

जगातही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. जागतिक ॲथलेटिक्स संघटना १९८८ पासून वर्षाचा ॲथलीट निवडते. त्यात समाजमाध्यमांवरच्या मतांना पंचवीस टक्के वजन आहे, म्हणजे ज्याचे चाहते जास्त तो पुढे. मला ते मान्य नाही. पण ते निदान त्याच वर्षी निवडतात, आणि २०२३ पासून धावणारे, उड्या-फेकीवाले आणि रस्त्यावरचे असे गट वेगळे करून बघतात. कारण मॅरेथॉन आणि बांबू उडी एका तराजूत घालणं किती अवघड आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

म्हणून माझं मागणं असं. महाराष्ट्राने २०२५ च्या सर्वोत्तम ॲथलीटचा मान सर्वेश कुशारेला द्यावा. त्याच्याकडून प्रस्ताव मागू नये. निवड कोणी केली त्यांची नावं आणि निवडीची कारणं त्याच दिवशी छापावीत, आणि त्या कारणांत टोकियोतल्या २.२८ मीटरचा उल्लेख पहिल्या ओळीत असावा. नगर-आष्टीच्या मंडळींनी यावर माझ्याशी खुशाल भांडावं, पण भांडताना अविनाशची २०२५ ची कामगिरी मांडावी, २०२२ ची नको. त्याचा गुडघा बरा होऊन तो पुन्हा फायनलच्या रेषेवर उभा राहील तेव्हा तो कितवा का येईना, त्याच्या धावेचं मोल करताना मी हाच काटा लावीन.