सुश्रुत, सिझेरियन आणि न वाचलेला श्लोक

१/ 'सुश्रुताने अडीच हजार वर्षांपूर्वी सिझेरियन केले' हे वाक्य समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने उगवते. सोबत शस्त्रांचे चित्र असते. संहितेतील स्थळाचा निर्देश मात्र नसतो. तो दिला असता, तर दावा तेथेच कोसळला असता.

२/ स्थळ आहे निदानस्थान, अध्याय ८. प्रसूतीच्या वेळी गर्भिणी अकस्मात मरण पावली आणि कुशीत स्पंदन दिसत असेल, तर वैद्याने तत्क्षणी कुक्षी फाडून मूल काढावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आई आधीच गेलेली. बिंदुसाराच्या जन्माच्या जैन कथेतही विषान्न खाल्लेली राणी दुर्धरा वाचत नाही. चाणक्य वाचवतो तो तिचा मुलगा. (सीझरचे उदाहरण देणाऱ्यांसाठी: त्याची आई ऑरेलिया तो प्रौढ होईपर्यंत हयात होती.)

३/ पोट फाडणे कधीच अवघड नव्हते. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जाते. ते थांबवायचे कसे, हा खरा प्रश्न. एकोणिसाव्या शतकातही युरोपातील शल्यविशारद बहुधा गर्भाशय न शिवताच पोट बंद करीत. ते आपोआप आकुंचन पावेल, अशी त्यांची समजूत होती.

४/ १८७६ मध्ये पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो यांनी मूल काढल्यावर गर्भाशयच कापून टाकले. आई जगली, पण पुढील मातृत्व गेले. १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी चांदीची तार आणि रेशीम वापरून गर्भाशय शिवण्याची पद्धत मांडली. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याचा आग्रह धरला, कारण तेथे रक्त कमी जाते. १९९७ मध्ये सिएरा लिओनमध्ये जन्मलेल्या ख्रिस्तोफर बी-लिंच यांनी सैल पडलेले गर्भाशय बाहेरून आवळून धरणारा टाका प्रसिद्ध केला. आज छेद कात्रीऐवजी बोटांनी रुंदावतात आणि वार हाताने न खरवडता नाळ हलकेच ओढून काढतात, तेही रक्त वाचवण्यासाठीच.

५/ 'सर्व काही युरोपचेच' म्हणणाऱ्यांनीही थांबावे. १८७९ मध्ये युगांडातील बुन्योरो प्रांतात रॉबर्ट फेल्किन यांनी स्थानिक शल्यविशारदाला जिवंत स्त्रीवर ही शस्त्रक्रिया करताना पाहिले. रक्त तापल्या लोखंडाने थांबवले गेले. आई आणि मूल दोघेही तेव्हा वाचले.

६/ यातून सुश्रुत लहान होतो काय? मुळीच नाही. चिकित्सास्थानात तो अडलेला मृत गर्भ खंड करून काढायला सांगतो आणि मंडलाग्र वापरण्याचा आग्रह धरतो, कारण टोकदार वृद्धिपत्राने आईला इजा होईल. सूत्रस्थान १४ मध्ये रक्त थांबवण्याचे चार उपाय येतात: संधान, स्कंदन, पाचन, दहन. संदर्भ मुख्यतः रक्तमोक्षणाचा आहे, गर्भाशयाचा नव्हे. पण जिवंत स्त्रीला जपणारा हा सुश्रुत त्याच्या भक्तांना नको असतो. त्यांना हवा असतो केवळ 'पहिला'.

७/ १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकातच आहे. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्हींच्या परीक्षा तेच घेते. मूढगर्भावरचे उत्तर आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावरचे उत्तर एकाच विद्यापीठाकडे तपासायला जाते. त्याच शहरात मेलेल्या बाईवरची क्रिया जिवंत बाईच्या नावे खपवणारा संदेश पुढे ढकलला जावा, आणि भारतात आजही माता दगावण्याच्या प्रमुख कारणांत रक्तस्रावच असावा!