फोटो हलका करा, पण सही जपून!

कळंबच्या चिंतामणीला गेलं, की पायऱ्या उतरतानाच मोबाइल बाहेर निघतो. कुंडाचे दहा, मित्रांचे वीस, सेल्फी वेगळेच. एकेक फोटो तीन-चार एमबीचा. चाळीस फोटो ‘डॉक्युमेंट’ करून ग्रुपवर टाकले, तर दीडशे एमबीच्या आसपास जातात. पाठवणारा मोकळा, ज्याचा रोजचा डेटा दीड जीबी तो अडकला!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. फोटो लहान करून टाकणं हा कंजूषपणा नाही, ती समोरच्याची कदर आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४०००×३००० पिक्सेल. मोबाइलच्या स्क्रीनवर बघायला १०८०×८१० पुरतात. पिक्सेल जवळपास चौदापट कमी, पण बघणाऱ्याला फरक कळतही नाही. मूळ फोटो मात्र आपल्याजवळ ठेवाच. एकदा बारीक केलेला फोटो पुन्हा मोठा केला, तर धूसरच दिसणार.

खरी गडबड होते ती फॉर्म भरताना. आयबीपीएसच्या बँक परीक्षेला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी लागते. शेवटची तारीख, रात्रीचे अकरा, आणि फोटो ‘साइज जास्त’ म्हणून परत. मग आपण काय करतो? गूगलवर जी पहिली वेबसाइट दिसेल, तिच्यावर फोटो, सही, कधी कधी आधार कार्डही टाकून मोकळे होतो. ती फाइल पुढे कुठं जाते, कोण ठेवतं, आपण विचारतो का? रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला कोऱ्या कागदावर सही देऊ का आपण?

गरजच नाही हो त्याची! कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर ‘पेंट’ उघडा, ‘रिसाइज’मध्ये पिक्सेल टाका आणि जेपीजीमध्ये सेव्ह करा. इंटरनेटही लागत नाही. फक्त काम झालं, की तिथली फाइल डिलीट करा. बऱ्याच मोबाइलच्या गॅलरीतही ही सोय असते.

अजून एक. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल, तर फोटो कुठं काढला हे फाइलमध्येच लिहिलेलं राहतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं, की घराचा ठिकाणाही सोबत जातो. मुलींनी तर हे आधी बंद करावं, आणि मुलांनीही.

आज रविवार आहे असं समजा आणि बसा. फोटो, सही योग्य मापात करून एका फोल्डरमध्ये ठेवा. शेवटच्या रात्री तेच कामी येईल.