ब्लूटूथ रुसलंय? आधी कारण शोधा!

लॅपटॉपवर हौसेनं लिनक्स टाकलंत, पण मोबाइल काही ब्लूटूथला जोडला जात नाही. मग हॉस्टेलवर हमखास सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मार, विंडोज टाक!’ मित्रांनो, जरा थांबा. दहा मिनिटं काढा आणि क्रमानं बघा.

टर्मिनलमध्ये आधी ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड द्या. सॉफ्ट ब्लॉक दिसला तर ‘आरएफकिल’नंच तो काढता येतो. हार्ड ब्लॉक असेल तर लॅपटॉपचं बटण किंवा बायोसची सेटिंग तपासा. मग ब्लूटूथची सर्व्हिस चालू आहे का, हे ‘सिस्टिमसीटीएल’ला विचारा. तरीही अडलं, तर जुनं पेअरिंग मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीकडून काढा. एकाच बाजूनं काढलं की दुसरीकडे जुनी किल्ली उरते आणि घोडं तिथंच अडतं. नंतर ‘ब्लूटूथसीटीएल’मधून पेअर, ट्रस्ट, कनेक्ट.

एकाच लॅपटॉपवर विंडोजही आहे? मग गोम बहुधा इथंच. दोन्हीकडे ब्लूटूथचा पत्ता एकच, पण पेअरिंगची किल्ली वेगळी. विंडोजमध्ये फोन नव्यानं जोडलात की लिनक्सकडची किल्ली बाद! यात बिघाड कशातच नसतो.

फॉरमॅट मारल्यानं कधी कधी अडचण जाते, पण तिचं कारण कळायचं राहूनच जातं. उद्या नोकरीत कंपनीचा सर्व्हर अडेल, तेव्हा ‘फॉरमॅट मारू का?’ असं विचारून चालणार नाही. कारण शोधायची सवय आत्ताच लावून घ्या.