७२० किलोमीटर : पाठ केलेल्या एका आकड्याची साधनचिकित्सा

१/ मनमाड समुद्रापासून रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर आत आहे. तरीही आमच्या अभ्यासिकेत अलीकडे सर्वांत मोठा वाद झाला तो समुद्रकिनाऱ्यावरून. सराव प्रश्नपत्रिकेत विचारले होते : महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी किती? मैत्रिणीने लहानपणापासून पाठ असलेले ७२० लिहिले. उत्तरतालिकेत ८७७.९७ होते. शेजारच्या बाकावरच्या मुलाने ६५२.६ दाखवणारा तक्ता पुढे केला. तिघांच्याही मागे शासकीय आधार होता. आजचा धागा त्या वादातून निघाला आहे.

२/ इतिहासाच्या वर्गात आम्हाला पहिल्यांदा शिकवतात ती साधनचिकित्सा. कागद अस्सल की नक्कल, लिहिणारा कोण, लिहिला केव्हा, कशासाठी. वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापण्यास आरंभ केला, तेव्हापासून बखरीतील मजकूर जसाच्या तसा उचलणारा अभ्यासक आपल्याकडे कच्चा समजला जातो. आकड्यांना मात्र आपण ही कसोटी लावत नाही. आकडा दिसला की तो अस्सल, असे गृहीत धरतो.

३/ प्रथम ६५२.६ पाहू. हा आकडा केंद्र सरकारच्या जुन्या राज्यवार तक्त्यातला. त्याच तक्त्यातून भारताच्या किनाऱ्याची ७,५१६.६ किमी ही सुप्रसिद्ध लांबी येते : मुख्य भूमी ५,४२२.६, अंदमान-निकोबार १,९६२ आणि लक्षद्वीप १३२. मूळ मोजणी १९७०च्या दशकातली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे हीच संख्या पाठ्यपुस्तके, संसदेतील उत्तरे आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तिका यांतून फिरत राहिली.

४/ या तक्त्यात एक अंतर्गत पुरावा दडलेला आहे. त्यात गोवा (१०१) आणि दमण-दीव (४२.५) वेगवेगळे दिले आहेत. १९७०च्या दशकात गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. गोवा स्वतंत्र राज्य झाले ते ३० मे १९८७ रोजी. म्हणजे मोजणी जुनी असली, तरी तक्ता आज ज्या रूपात आपल्यासमोर येतो ते रूप नंतरचे आहे. आकड्याचा जन्म आणि त्याची मांडणी यांच्या तारखा भिन्न असू शकतात. जुन्या कागदांच्या नकलांचेही असेच असते.

५/ आता ७२०. दमणगंगेच्या परिसरापासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत ७२० किलोमीटर, हे वाक्य महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बहुतेकांनी वाचले आहे. महाराष्ट्र सागरी मंडळही आपल्या परिचयात हीच लांबी देते. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन होताना ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा काही भाग गुजरातेत गेला आणि किनाऱ्याचे उत्तर टोक तेव्हाच ठरले. आजच्या महाराष्ट्राचा किनारा म्हणून सांगितलेला कोणताही आकडा त्यामुळे १९६०च्या आधीचा असू शकत नाही. यापलीकडे ७२० सोबत सहसा काहीच छापले जात नाही : ना मोजणीचे वर्ष, ना नकाशाचे प्रमाण, ना मोजणाऱ्याचे नाव.

६/ एक साधी बेरीज करून पाहा. जुन्या तक्त्यातील नऊ राज्ये, दमण-दीव आणि पुदुच्चेरी यांच्या लांबींची बेरीज बरोबर ५,४२२.६ येते, पण त्यात महाराष्ट्र ६५२.६ आहे. तेथे ७२० ठेवले, तर मुख्य भूमी ५,४९० आणि भारत ७,५८४ होतो. म्हणून भारताचा किनारा ७,५१६.६ आणि महाराष्ट्राचा ७२०, ही दोन विधाने एकाच मोजणीतली असू शकत नाहीत. आपण मात्र ती अनेकदा एकाच पानावर शेजारी-शेजारी पाठ केली आहेत.

७/ मग यांपैकी खोटा आकडा कोणता? कदाचित कोणताच नाही. मुंबई ते मनमाड हे अंतर रुळावरून मोजतात. रूळ ही माणसाने आखलेली रेषा आहे, कोणीही मोजली तरी उत्तर जवळपास तेच येणार. किनारा तसा नाही. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्यांच्या मुखाशी मोजणाऱ्याला ठरवावे लागते : मुखावरून सरळ पलीकडे जायचे की काठाकाठाने आत शिरायचे? आत शिरायचे तर कोठपर्यंत? प्रत्येक निर्णयागणिक किलोमीटर बदलतात.

८/ ही अडचण केवळ कोकणची नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी देशांच्या सीमांची लांबी तपासली, तेव्हा स्पेन-पोर्तुगाल सीमा एका ठिकाणी ९८७ किमी, तर दुसरीकडे १,२१४ किमी आढळली. मोजपट्टी जितकी लहान, तितकी वळणे अधिक सापडतात आणि लांबी वाढते. त्यांचे हे काम त्यांच्या मृत्यूनंतर, १९६१मध्ये प्रसिद्ध झाले. १९६७मध्ये बेन्वा मांडेलब्रो यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, या प्रश्नावरील लेखातून तेच सूत्र जगापुढे नेले.

९/ तिसरा आकडा, ८७७.९७, याच सूत्राचे फळ. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात नवी मोजणी आली. नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी १ : २,५०,००० या प्रमाणाच्या नकाशांवरून संगणकीय पद्धतीने किनारा पुन्हा मोजला. या प्रमाणात नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अडीच किलोमीटर. भारताची लांबी ११,०९८.८१ किमी भरली. गुजरात १,२१४.७ वरून २,३४०.६२ वर, तर पश्चिम बंगाल १५७.५ वरून ७२१.०२ वर गेला.

१०/ यावर मथळे झळकले : भारताचा किनारा ४८ टक्क्यांनी वाढला. वाढली ती मोजणीची बारकाई. समुद्राने ३,५८२ किलोमीटरचा नवा काठ आपल्याला बहाल केलेला नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर ६५२.६ पाया धरल्यास वाढ ३४.५ टक्के आणि ७२० पाया धरल्यास २२ टक्के. ज्या वाढीचे प्रमाण आपण कोणता जुना आकडा पाठ केला होता यावर अवलंबून असते, ती किनाऱ्याची वाढ कशी म्हणावी?

११/ येथे कोणी म्हणेल, चार किलोमीटर इकडे-तिकडे झाले तर बिघडते काय? बिघडते. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील किनाऱ्याची धूप अभ्यासली. त्या अभ्यासात महाराष्ट्राचा किनारा ७३९.५७ किमी धरला आहे. होय, हा चौथा आकडा. त्यांपैकी १८८.२६ किमी, म्हणजे २५.५ टक्के किनारा झिजत असल्याचे आढळले.

१२/ आता समजा, उद्या कोणी हे १८८.२६ किलोमीटर घेतले आणि नव्या ८७७.९७ ने भागले. उत्तर येईल २१.४ टक्के. वाळूचा एक कणही न वाचवता धूप चार टक्क्यांनी कमी झाल्याचे दाखवता येईल. ६५२.६ ने भागले, तर तीच धूप २८.८ टक्के होईल. ज्यांच्या माडांच्या मुळांशी दर पावसाळ्यात लाटा येतात, त्यांच्यासाठी या फरकाचा अर्थ बंधारा मंजूर होणे किंवा न होणे असा होऊ शकतो.

१३/ आकडे असे अनाथ का होतात, याचे उदाहरण भूगोलाच्याच क्षेत्रात आहे. जगातील ८० टक्के माहिती भौगोलिक असते, हे विधान संगणकीय नकाशाशास्त्राच्या असंख्य व्याख्यानांत ऐकू येते. त्याचा माग काढत गेले की १९९२च्या, कार्ल फ्रँकलिन आणि पॉला हेन यांच्या लेखापाशी पोहोचता येते. तेथे तो शासन आणि उद्योगांकडील माहितीविषयीचा एक अंदाज होता. पुढे अंदाज हा शब्द गळाला, शासन आणि उद्योग ही मर्यादाही गळाली. उरले ते निखळ ८० टक्के.

१४/ २०१३मध्ये ड्रेस्डेनच्या श्टेफान हामान आणि डिर्क बुर्गहार्ट यांनी जर्मन विकिपीडियावर हे विधान तपासून पाहिले. प्रमाण भरले साधारण ६० टक्के. मला त्या साठपेक्षा त्यांची वृत्ती मोलाची वाटते. वीस वर्षे सर्वजण जे म्हणत होते, ते कोणीतरी थांबून मोजून पाहिले आणि कशावर मोजले तेही सांगितले.

१५/ माझे मत स्पष्ट आहे. ७२० खोडून ८७७.९७ छापणे ही दुरुस्ती नव्हे. तो एका बखरीच्या जागी दुसरी बखर ठेवण्याचा प्रकार झाला. पाठ्यपुस्तकात किनाऱ्याची लांबी द्यायची असेल, तर सोबत तीन गोष्टी हव्यात : कोणी मोजली, केव्हा मोजली, कोणत्या प्रमाणाच्या नकाशावर मोजली. त्यासाठी एक ओळ पुरते. आणि स्पर्धा परीक्षेत या तीन गोष्टी न सांगता चार पर्यायांतून एक निवडायला लावणे हा परीक्षार्थींवर अन्याय आहे. ज्या प्रश्नाला प्रामाणिक माणसाने "कोणत्या मोजणीनुसार?" असे विचारलेच पाहिजे, त्या प्रश्नात तो विचारणाराच गुण गमावतो.

१६/ मैत्रिणीने त्या दिवशी वहीत ७२० खोडले नाही. त्याखाली तिने बाकीचे तिन्ही आकडे लिहिले आणि प्रत्येकापुढे कंसात त्याचा स्रोत. एका ओळीच्या जागी आता चार ओळी झाल्या आहेत. आपल्या पाठ असलेल्या आकड्यांपैकी एखादा आज असाच तपासून पाहा आणि काय सापडले ते खाली जरूर लिहा. धागा समाप्त.